मुखवट्याखालची भुकटी: औषध मारण्याआधी किडा ओळखा

बोहाड्याच्या, म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून नाचण्याच्या उत्सवातल्या, कागदी लगद्याच्या मुखवट्याखाली रोज सकाळी चिमूटभर भुकटी साचते, मुखवट्याला बारीक गोल भोके पडली आहेत, तर वाळवीचे कोणते औषध मारावे, असे आपण विचारले आहे. आमच्या लहानशा संग्रहालयात नेमके हेच घडले होते, म्हणून सांगतो: तूर्त काहीही मारू नका.

मी सर्वांत आधी ती भुकटी झाडून टाकली, हीच पहिली चूक. मग तीन किडे काडेपेटीत घालून एका कार्यालयाकडे टपालाने पाठवले. पोहोचेपर्यंत त्यांच्या मिशा आणि पाय शाबूत राहिले नसणार. अडीच महिन्यांनी एका ओळीत कळवण्यात आले की कीटक लाकूड पोखरणारा आहे, फवारणी करावी. आम्ही सागवानी कपाट आतबाहेर फवारून घेतले, आणि किडा मात्र मुखवट्याचा कागद चिकटवणाऱ्या खळीत निवांत होता. पुढे गणपतीच्या मुखवट्याचा कान पुसताना बोट सरळ आत गेले. वर रंग जसाच्या तसा, आत नुसती पोकळी. तो कान आजही माझ्या मनातून जात नाही.

दहापट भिंगाखाली पाहा. दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस, डोके खाली दुमडलेला किडा असेल, पंखांवर उभ्या रेघा आणि मिशीची शेवटची तीन पेरे मोठी असतील, तर तो स्टेगोबियम, म्हणजे मसाल्यांत आणि धान्यातही होणारा किडा. पंख गुळगुळीत आणि मिशी करवतीसारखी असेल, तर तंबाखूचा किडा, लासिओडर्मा. खळ दोघांनाही चालते, पण तंबाखूच्या किड्यासाठीच्या गंधसापळ्यात स्टेगोबियम येत नाही, म्हणून हा फरक महत्त्वाचा. कोरड्या लाकडातल्या वाळवीची विष्ठा भुकटीसारखी नसते. तिचे खसखशीएवढे, सहा कडांचे दाणे असतात. जाता जाता, पहारेकऱ्याच्या खोलीतला धण्याचा डबाही उघडून पाहा. आमच्याकडे मूळ तिथेच सापडले.

मी प्रशिक्षित संवर्धक नाही, त्यामुळे पुढचे माझ्या अनुभवापुरतेच समजा. आम्ही मुखवटे पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 20 अंशांवर दोन आठवडे ठेवले आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडली नाही, नाहीतर मुखवट्यावर दव धरते. रंगाचे पोपडे निघत असतील, तर मात्र तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय हे करू नये. तोवर मुखवटा वेगळ्या बंद पिशवीत ठेवा, भुकटी कागदाच्या पुडीत जपून ठेवा आणि किड्याचे छायाचित्र मिशी दिसेल असे, शेजारी मोजपट्टी ठेवून इथे टाका.