४८० मेगाहर्ट्‌झचा सुळका आणि नाहीसे झालेले दोन व्हाया

रबाळ्याहून लिहिणाऱ्या सदस्यांचा प्रश्न वाचला आणि माझे जुने दुखणे ओळखीचे वाटले. चार लेयरचा सर्किट बोर्ड, यूएसबी २.० च्या दोन डेटा ट्रेसची (तांब्याच्या वाटांची) जोडी वरच्या लेयरवरून व्हायाने (लेयर जोडणाऱ्या, आतून तांबे चढवलेल्या छिद्राने) खालच्या लेयरवर उतरवलेली, दोन्ही ट्रेसची लांबी ०.०५ मिलिमीटरच्या आत जुळवलेली, आणि तरीही केबल लावताच ४८० मेगाहर्ट्‌झला रेडिओ उत्सर्जनाच्या चाचणीतला सुळका मर्यादेबाहेर जातो, केबल काढली की उतरतो. एफआर-४ वर (बोर्डच्या नेहमीच्या काचतंतूंच्या साहित्यावर) सिग्नलला एक मिलिमीटर जायला साधारण ६ ते ७ पिकोसेकंद लागतात, त्यामुळे आपल्या जोडीतील लांबीचा फरक नगण्य आहे. त्यावर आणखी वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाय-स्पीड यूएसबीत ट्रान्समीटर सुमारे १७.८ मिलिॲम्पिअर करंट सोडतो, तर केबलवरून नापास व्हायला काही मायक्रोॲम्पिअर कॉमन मोड करंट (जोडीच्या दोन्ही तारांत एकाच दिशेने वाहणारा) पुरतो. (ढोबळ हिशोब असा : ५० मेगाहर्ट्‌झला एक मीटर केबलमधून ५ मायक्रोॲम्पिअर वाहिले, तर ३ मीटरवर १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, म्हणजे ४० डेसिबल-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर मिळतात. ४८० मेगाहर्ट्‌झला हे सूत्र जसेच्या तसे लागू होत नाही, पण परिमाण ध्यानात येते.) म्हणजे काही हजारांत एक भाग इकडचा तिकडे झाला तरी काम बिघडते. जोडीचे दोन व्हाया एकमेकांशी सममित असतात, पण आजूबाजूचे तांबे तसे नसेल, तर दोन्ही बाजूंचे रिटर्न करंट (आजूबाजूच्या तांब्यातून परतणारे करंट) सारखे राहत नाहीत आणि फरक कॉमन मोड होऊन बाहेर पडतो. शिवाय चिपने आधीच सोडलेल्या कॉमन मोड करंटलाही एका प्लेनवरून (तांब्याच्या सलग लेयरवरून) दुसऱ्या प्लेनवर जायला जवळची वाट लागते. डिफरन्शियल भाग (दोन तारांत उलट दिशांनी वाहणारा मूळ सिग्नल) त्या वाटेवाचून बराचसा निभावून नेतो, कॉमन मोड मात्र निभावत नाही.

आता माझी चूक. माझा बोर्ड सहा लेयरचा होता, दुसरा आणि पाचवा लेयर ग्राउंडचा. वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या खोलीत बसून मी जोडीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन ग्राउंड व्हाया, म्हणजे हीच जवळची वाट, मन लावून ठेवले होते. बोर्ड बनवणाऱ्यांकडून शंकांची मेल आली. तिच्यात आठ-नऊ मुद्दे होते आणि त्यांत एक असा, की माउंटिंगच्या छिद्राजवळचे दोन ग्राउंड व्हाया त्यांच्या किमान अंतराच्या नियमात बसत नाहीत, ग्राउंडचे नेट (विजेच्या दृष्टीने एकच असलेली जोडणी) तसेही प्लेनला जोडलेलेच आहे, तेव्हा ते काढले तर चालतील का. शुक्रवारची संध्याकाळ होती. मी सरसकट ‘चालेल’ असे उत्तर पाठवले. त्यांनी विचारले तरी होते, त्यामुळे दोष त्यांच्यावर ढकलता येत नाही, पण व्हाया सरकवून पाहण्याचा पर्याय त्यांनी सुचवला असता तर बरे झाले असते. बोर्डांची इलेक्ट्रिकल तपासणी अर्थातच पास झाली, कारण ग्राउंड तर ग्राउंडला जोडलेले होतेच.

पुढचे तीन आठवडे मी कॉमन मोड चोक (तो करंट अडवणारा भाग) बदलत राहिलो. नवी मुंबईतल्या एका चाचणी प्रयोगशाळेने तासाचे पैसे घेऊन दर वेळी आलेख हातात दिला आणि केबलला फेराइट (चुंबकीय मणी) लावा, एवढाच सल्ला दिला. झाकण उघडून प्रोब फिरवण्याची परवानगी मागितली, तर चेंबरमध्ये दुरुस्ती करता येत नाही, असे उत्तर मिळाले. त्यांचा नियम असेल, मला त्यातले ठाऊक नाही, पण मनस्ताप झाला तो झाला. शेवटी एका रात्री बोर्ड भिंगाखाली धरला, तर जोडीच्या डाव्या बाजूला सोल्डर मास्कखाली दोन बारीक उंचवटे आणि उजवीकडे सपाट हिरवे. पुढच्या खेपेला माउंटिंगचे छिद्र सरकवून चारही व्हाया परत आणले, आणि तोच चोक, तीच केबल ठेवून सुळका मर्यादेखाली गेला.

आपल्या बाबतीत अडचण थोडी वेगळी आहे. आपला तिसरा लेयर ३.३ व्होल्टचा आहे, त्यामुळे नुसते ग्राउंड व्हाया वाढवून भागणार नाही. रिटर्न करंटला ग्राउंडवरून ३.३ व्होल्टवर जायला कपॅसिटर हवा आणि ४८० मेगाहर्ट्‌झला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर व्यवहारात इंडक्टरसारखाच वागतो. तरीही जोडीच्या दोन्ही अंगांना, सारख्या अंतरावर, एकेक लावून पाहता येईल. माझ्या मते खरा उपाय जोडी खाली उतरवूच नये हा आहे. कनेक्टर फिरवून जमते का ते आधी पाहावे. दोन ट्रेस एकमेकांना छेदतात म्हणून त्यांतील एकच खाली उतरवली असेल, तर मात्र ती आधी दुरुस्त करावी.

मी आपला बोर्ड पाहिलेला नाही, तेव्हा दोष केबलच्या शिल्डच्या जोडणीतही असू शकतो. व्हायाच्या जागेचे चारही लेयर वेगवेगळे दाखवणारे चित्र टाकावे, आणि ते फॅब्रिकेटरने (बोर्ड बनवणाऱ्याने) परत पाठवलेल्या गर्बरमधून (लेयरच्या नकाशांच्या फाइलींमधून) घ्यावे, आपण पाठवलेल्यातून नव्हे.