आधी वही परत द्या

प्रश्न : माझी मुलगी कोल्हापुरात टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय राज्यशास्त्र. मी जिल्हा परिषदेत नोकरीला आहे. तिने एमपीएससी करायची असं घरात ठरलंय. पण ती मिच मॅकॉनेल नावाच्या अमेरिकन सिनेटरवर वही भरत बसते. कोणत्या तारखेला कोणी कुठे मत दिलं, असल्या नोंदी. पुढे यातच संशोधन करायचं म्हणते. परीक्षा तोंडावर आली म्हणून मी वही काढून घेऊन कपाटात कुलपात ठेवली आहे. तिथला अध्यक्ष तिथली जनता निवडते, एका सिनेटरचा त्यात काय संबंध? तिला चार शब्द समजावून सांगा.

उत्तर : हे चार शब्द मला तिच्याऐवजी तुम्हाला सांगावेसे वाटतात.

‘घरात ठरलंय’ असं तुम्ही लिहिता. ठरवायला मुलगी बसली होती का? अख्ख्या पत्रात तिचं म्हणणं एका ओळीत आलंय, तेही तक्रार म्हणून. गुणांबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही, म्हणजे अभ्यासात ती मागे पडली आहे असंही दिसत नाही. कोणी सांगितलेलं नसताना विशीतली मुलगी तारीखवार मतदानाच्या नोंदी ठेवते. संशोधनाची सुरुवात अशाच कामाने होते. तिच्या विषयाची मला काळजी वाटत नाही. आवडीचं काम वडिलांपासून लपवून करावं लागतं, हे ती तुमच्या घरात शिकते आहे, त्याची वाटते. वही तिला आजच द्या. परीक्षा होईपर्यंत थांबू नका.

आता ‘सिनेटरचा काय संबंध’ याबद्दल. हा गैरसमज पुष्कळांचा असतो, पण जिल्हा परिषदेत काम करणाऱ्याला तो सोडवायला वेळ लागू नये. एखादा विषय मारायचा तर तो फेटाळावाच लागतो असं नाही, विषयपत्रिकेवर घेतला नाही तरी पुरतं. सिनेट म्हणजे अमेरिकी संसदेचं वरचं सभागृह. त्याची विषयपत्रिका बहुमतातल्या पक्षाच्या नेत्याच्या हातात असते. अमेरिकी राज्यघटनेत हे पद नाहीच. एकाच वेळी अनेक जण बोलायला उभे राहिले, तर बोलण्याचा पहिला मान या नेत्याला, या १९३७ पासूनच्या प्रघातातून त्याची ताकद वाढली. १३ फेब्रुवारी २०१६ ला न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया वारले आणि त्याच दिवशी मॅकॉनेल यांनी, म्हणजे तेव्हा बहुमतात असलेल्या रिपब्लिकन पक्षाच्या नेत्याने, जाहीर केलं की सर्वोच्च न्यायालयातली ही जागा पुढचा राष्ट्राध्यक्ष भरेल. डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा यांचे तेव्हा अकरा महिने शिल्लक होते. त्यांनी मार्चमध्ये मेरिक गारलंड यांचं नाव पाठवलं. त्यावर ना सुनावणी झाली, ना मतदान. २९३ दिवस पडून राहून ते नाव जानेवारी २०१७ मध्ये आपोआप बाद झालं. न्यायाधीशाच्या नेमणुकीला घटनेप्रमाणे सिनेटची संमती लागते, पण ती किती दिवसांत द्यायची हे घटना सांगत नाही. रिकामी खुर्ची मग निवडणुकीत उतरली. रिपब्लिकन उमेदवार ट्रम्प यांनी मे २०१६ मध्ये संभाव्य न्यायाधीशांची अकरा नावं जाहीर केली, आणि त्यांच्याबद्दल साशंक असलेल्या पारंपरिक वळणाच्या मतदारांना त्यांना मत देण्यासाठी एक ठोस कारण मिळालं. मतदानोत्तर चाचणीत साधारण पाचातल्या एकाने न्यायालयातली नेमणूक हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सांगितला, आणि त्यांच्यात ट्रम्प यांची मतं जास्त होती.

मुलीच्या वहीत दुसरी तारीखही बहुधा सापडेल : १३ फेब्रुवारी २०२१, बरोबर पाच वर्षांनी. ट्रम्प यांच्यावरच्या दुसऱ्या महाभियोगात ५७ विरुद्ध ४३ मतं पडली, दोषी ठरवायला ६७ लागत होती. मॅकॉनेल तेव्हा अल्पमतात गेलेल्या रिपब्लिकन पक्षाचे नेते होते. त्यांनी ‘दोषी नाही’ असं मत दिलं आणि लगेच भाषणात अमेरिकी संसदेवरच्या ६ जानेवारीच्या हल्ल्याची नैतिक जबाबदारी ट्रम्प यांच्यावरच टाकली. दोषी ठरले असते, तर आणखी एका साध्या बहुमताने त्यांना पुन्हा पदावर येण्यापासून रोखता आलं असतं. २०२४ मध्ये ते पुन्हा निवडून आले.

हे मुलीलाही वाचायला द्या, कारण या विषयात घसरायची जागा इथेच आहे. ‘मॅकॉनेलमुळे ट्रम्प जिंकले’ असं शीर्षक घेतलं तर पहिल्याच तोंडी परीक्षेत प्रबंध कोसळेल. २०२१ मध्ये दहा मतं कमी होती, नेत्याने बाजू बदलली असती तर ती सगळी आली असती हे सिद्ध करता येत नाही. प्रश्न लहान घ्यावा : नेमणूक अडवण्याबद्दल २०१६ मध्ये सभागृहात कोणती कारणं दिली गेली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये, निवडणुकीला आठ दिवस उरले असताना, एमी कोनी बॅरेट यांना ५२ विरुद्ध ४८ मतांनी सर्वोच्च न्यायालयावर नेमताना त्यातली किती टिकली?

आता खरी अडचण. अमेरिकी काँग्रेसवरचं, म्हणजे तिथल्या संसदेवरचं, आजचं बरंचसं संशोधन संख्याशास्त्रावर चालतं, आणि कला शाखेतल्या बहुतेकांचं गणित दहावीनंतर सुटलेलं असतं. व्होटव्ह्यू या संकेतस्थळावर काँग्रेसमधली १७८९ पासूनची मतं फुकट मिळतात. तिथून ११४ व्या काँग्रेसची (२०१५ ते २०१७) सिनेटची फाईल उतरवून घ्यावी. त्यात १ ते ३ म्हणजे बाजूने, ४ ते ६ विरोधात, ७ ते ९ म्हणजे मत दिलं नाही. सिनेटरचं नाव मतांच्या फाईलमध्ये नसतं, फक्त क्रमांक असतो. नावं सदस्यांच्या वेगळ्या फाईलमध्ये मिळतात. सगळ्या काळाच्या फायली जोडताना काँग्रेसचा क्रमांक जुळवला नाही, तर एकाच माणसाच्या ओळी कित्येक पट होतात. आणि गारलंड यांचं नाव यात शोधूनही सापडणार नाही, कारण मतदानच झालं नाही. तिथे सभागृहाचं छापील इतिवृत्तच वाचावं लागतं. संख्याशास्त्रासाठीची ‘आर’ ही आज्ञावली फुकट आहे, रोज एक तास दिला तर सहा महिन्यांत हात बसतो.

स्पर्धा परीक्षांचं म्हणाल, तर यूपीएससीला राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा ऐच्छिक विषय आहे, २५० गुणांचे दोन पेपर, आणि एमपीएससीचा रस्ताही बंद होत नाही.

तुम्हाला पैशाची धास्ती असेल तर ती रास्त आहे. अमेरिकेत एम.ए. करायला कर्ज काढू नका. नुसत्या तीन वर्षांच्या पदवीवर तिथली काही विद्यापीठं अर्जही घेत नाहीत. एम.ए. इथेच करावं. दिल्लीच्या जेएनयूमध्ये अमेरिकेच्या अभ्यासाचं केंद्र आहे, प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या परीक्षेने होतो. अमेरिकेतल्या चांगल्या विभागांत पीएच.डी.ला शुल्क माफ असतं आणि शिकवण्याच्या बदल्यात विद्यावेतन मिळतं, मात्र पाच-सहा वर्षं जातात आणि परत आल्यावर भारतात या विषयाच्या जागा मोजक्याच आहेत. म्हणून मधे एक वर्ष दिल्लीत ‘लॅम्प’ पाठ्यवृत्ती करावी असं मला वाटतं. कोणत्याही शाखेचा पदवीधर, वय २५ पर्यंत. पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत एका खासदाराबरोबर संशोधनाचं काम असतं. विषयपत्रिका कोण ठरवतं आणि कशी, हे तिथे जवळून बघायला मिळेल.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. गुणपत्रिका जोडायची गरज नाही. त्या मतांच्या फाईलमध्ये ती कुठपर्यंत पोचली आणि कुठे अडली, एवढंच कळवावं.