गावरान वरण्याचे नमुने जमवलेत. संकरासाठी त्यांतले आई-बाप कसे निवडायचे?

तुम्ही विचारलंय की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, बैलहोंगल आणि निपाणी भागातून वरण्याचे (वाल-पावट्याच्या कुळातल्या शेंगेचे) गावरान नमुने गोळा केलेत, तर लांबलांबच्या गावांचे घेतले की विविधता आपोआप मिळेल का. नाही मिळणार. आपल्याकडे बी माहेराहून सासरी जातं, आठवडी बाजारात ओंजळभर हातोहात फिरतं. त्यामुळे निपाणीचा आणि खानापूरचा वरणा एकाच कुळातला निघू शकतो आणि एकाच बांधावरचे दोन वेल एकमेकांना परके असू शकतात.

आधी गाडग्यातलं बी सुपात पसरून बघा. तांबूस, काळपट, पांढरट असं सगळं एकत्र असेल. वरणा बहुतांशी स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारा, तरी मधमाशा थोडाफार संकर करून जातात. म्हणून एकेका झाडाचं बी वेगळं धरून वाढवा. नाहीतर तुम्ही सरमिसळीची सरासरी मोजत बसाल.

पेरणी सगळ्यांची एकाच दिवशी करा. गावरान वेल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, त्यामुळे पेरणी मागेपुढे झाली की 'फुलोऱ्याला लागलेले दिवस' या आकड्याला अर्थच उरत नाही. तुलनेला बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा हेब्बाळ अवरे-4 हा वरण्याचा वाण ठेवा, तो दिवसाच्या लांबीला जुमानत नाही. बी कमी असेल तर ऑगमेंटेड डिझाईन वापरा: तुलनेचे वाण प्रत्येक ब्लॉकमध्ये (शेताच्या प्रत्येक तुकड्यात), नवे नमुने एकदाच.

नोंदी घेताना शेंगांची संख्या, लांबी-रुंदी, शंभर दाण्यांचं वजन हे सगळे घेतात. वास मात्र राहून जातो. कोवळी शेंग मोडली की बोटांना तेलकट चिकटतो तो वास, कन्नड शेतकरी त्याला सोगडू म्हणतात. गिऱ्हाईक शेंग हुंगून घेतं, तेव्हा वासाला गुण द्याच.

मग संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचं 1936 सालचं डी-वर्ग अंतर काढा, म्हणजे सगळे गुण एकत्र धरून दोन नमुने एकमेकांपासून किती वेगळे ते कळेल, आणि टोचर पद्धतीने जवळजवळच्या नमुन्यांचे गट पाडा. इथे एक फसगत होते. कुठल्या गुणामुळे अंतर वाढलंय हे आधी तपासा. एकट्या दाण्याच्या वजनानेच गट फुटले असतील, तर ती विविधता तुमच्या भाजीच्या वाणाला फारशी उपयोगाची नाही. शिवाय सगळ्यात लांबची जोडी म्हणजे सगळ्यात चांगली जोडी, असंही नसतं. मी बेताच्या अंतरावरचे, पण स्वतः कसदार असलेले पालक धरीन: एक भरपूर शेंगांचा, दुसरा लवकर येणारा किंवा वासाचा.

एसएसआर मार्करची (डीएनएमधल्या खुणा तपासायची) सोय असेल तर जरूर करा, हवामानाचा त्यांवर परिणाम होत नाही. पण शेतातल्या मोजणीला ते मार्कर पर्याय नव्हेत. गोकाकजवळचं अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल. तिथे विचारून बघा.

संकर करताना कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी पुंकेसर काढा. वरण्याची फुलं फार गळतात, म्हणून प्रत्येक जोडीला हव्यात त्याहून कितीतरी जास्त कळ्या धरा, आणि मूळ नमुन्याचं थोडं बी न पेरता राखून ठेवा.