एक गाव, एक खोली: चाकरमान्यांचं प्रदर्शन मांडताना

सप्रेम नमस्कार,

गिरणगाव (मुंबईतला कापड गिरण्यांचा भाग) आणि कोकण यांच्यावर प्रदर्शन करायचं, संध्याकाळी शक्ती-तुरा (कोकणातला दोन शाहिरांच्या सवाल-जवाबाचा नाच-गाण्याचा खेळ) ठेवायचा, हा तुझा बेत चांगला आहे. पण आधी विषयाला कात्री लाव. कोकणातून मुंबईला झालेलं सगळं स्थलांतर एका सभागृहात मावणार नाही. एक गाव घे आणि त्या गावाची मुंबईतली एक खोली घे. एकाच गावची माणसं वर्गणी काढून एकत्र राहायची, गावकऱ्यांच्या अशा खोल्या गिरणगावात बऱ्याच होत्या. त्यांच्या वर्गणीच्या वह्या ग्रामस्थ मंडळाच्या जुन्या सेक्रेटरीकडे, बहुधा माळ्यावर असतात. सुरुवात तिथून कर. कोण कधी राहायला आला, कुणाची वर्गणी थकली, कुणाच्या आजारपणाला किती दिले, हे त्या वह्यांत सापडतं. फोटो गोळा करायला नंतर वेळ आहे.

तारीख गणपती आणि शिमग्यात नको, मुंबईतली माणसं गावी गेलेली असतात. आणि त्या वेळी गावात प्रदर्शन ठेवलं तर आरती-भजनातून कुणी मोकळं नसतं, शिवाय गणपतीत पावसाची ओल असते ती वेगळीच. मुंबईत मंडळाच्या वार्षिक सभेला जोडून रविवार धर, गावात मे महिना.

मुलाखती घेताना सन विचारू नकोस, माणसं अंदाजाने काहीही सांगतात. घटनेचा आधार दे. 'रामदास' बोट बुडाली त्याआधी आलात की नंतर? (१७ जुलै १९४७. रेवसकडे निघालेली बोट, ६०० हून अधिक माणसं गेली.) कोयनेच्या भूकंपाला कुठे होता? (डिसेंबर १९६७.) १९८२ च्या गिरणी संपाच्या वेळी गिरणीच्या कुठल्या खात्यात होता? कोकण रेल्वे १९९८ ला पुरती सुरू झाली, त्याआधी गावी कसे जात होता? 'गाव सोडताना कसं वाटलं' याला सगळे एकच उत्तर देतात. 'ट्रंकेत काय भरून दिलं होतं, कुणी भरलं' असं विचार, मग बोलणं सुरू होतं. फोन विमान मोडवर, पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब, आणि सुरुवातीलाच परवानगी आवाजात नोंदवलेली. तासाभरापुढे ताणू नकोस.

मुंबईची भिंत आपोआप भरते: गिरणीचा बिल्ला, हजेरी कार्ड, खानावळीचा डबा. गावची भिंत रिकामी राहते आणि बहुतेक प्रदर्शनं तिथेच फसतात. पुरुष मुंबईला गेले तेव्हा भात कुणी लावलं, सावकाराला कोण सामोरं गेलं, म्हाताऱ्यांचं कुणी केलं? निम्मी जागा याला द्यायचीच, असं आधीच ठरव. इथे मनीऑर्डरचे तुकडे कामाला येतात. फॉर्मच्या खालच्या भागावर चार ओळी लिहायची सोय होती. पैसे खर्च व्हायचे, तो तुकडा मात्र पुष्कळ घरांत जपून ठेवलेला सापडतो. वाचायला परवानगी माग. मजकूर खाजगी असेल तर फक्त तारीख आणि रक्कम दिसेल असा दुमडून लाव.

वस्तू घेताना दोन प्रतींत पावती कर: वस्तूचं वर्णन, आधीपासूनचे तडे आणि डाग, मालकाच्या देखत काढलेला फोटो, परतीची तारीख, दोन सह्या. जुने फोटो घरी नेऊ नकोस. स्कॅनर त्यांच्या घरी ने, पोस्टकार्ड आकारापर्यंत ६०० डीपीआय, पासपोर्ट आकाराला १२००, आणि मूळ फोटो तिथल्या तिथे परत. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर सोडवायला जाऊ नकोस, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन कर. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांचं नावही काढू नकोस.

भिंतीवर प्रतीच लाव, ५ मिलिमीटर सनबोर्डवर, मॅट कागदात. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइट चमकते आणि चेहरे दिसत नाहीत. चित्राचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर ठेव, तुझे निम्मे प्रेक्षक वाकलेल्या पाठीचे असणार. मजकूर ६० शब्दांच्या आत, अक्षर २४ पॉइंटपेक्षा लहान नको, ओळींत मात्रा-वेलांट्या एकमेकींत न अडकण्याइतकं अंतर. छपाईवाल्याकडे फाइल उघडली की जोडाक्षरं फुटतात. पीडीएफ दे, आणि 'गावकऱ्यांच्या' हा शब्द नीट आलाय का ते छोट्या नमुन्यावर पाहूनच पुढचं छापायला सांग.

संपाच्या फलकावर विशेष सांभाळ. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार होते, एवढं निर्धोक लिहिता येतं. 'अमुक साली संपला' असं लिहिलंस तर पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हातारा फलकासमोर उभा राहून भांडेल, आणि त्याचं बरोबर असेल. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही.

सभागृहाच्या मध्यभागी १० बाय १६ फुटांचा चौकोन रंगीत टेपने आख. बीडीडी चाळीतली (सरकारने बांधलेल्या जुन्या चाळींतली) खोली एवढीच, १६० चौरस फुटांची. आत काही ठेवू नकोस. वहीत एका वेळी जितकी नावं सापडतील तितक्या वळकट्या कडेला मांड, पाळ्यांप्रमाणे कोण कधी झोपायचं ते लोकच एकमेकांना समजावतात.

नकाशावर गावापासून गिरणीपर्यंत दोरे ताणायची हौस सगळ्यांना असते. सगळे दोरे लालबाग-परळमध्ये येऊन गुंता होतो आणि तासाभरात टाचण्या निखळतात. दोन वेगळे नकाशे लाव, एक तालुक्याचा, एक गिरणगावाचा. प्रत्येकाला एकाच क्रमांकाच्या दोन टिकल्या दे, वाडीवर एक, चाळीवर एक.

शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या (दोन्ही बाजूंचे सामने) रात्रभर चालतात हे विसरू नकोस. दोन्ही शाहिरांना आधी भेटून प्रत्येकी २५ मिनिटं ठरवून घे. स्थलांतरावर नवं गाणं लिहून द्या असं सांगितलं की सरकारी जाहिरातीसारखं काहीतरी मिळतं, त्यापेक्षा चाकरमान्यांवरचं जुनं काय पाठ आहे ते विचार. गायक-वादक मध्ये बसतात आणि नाचे भोवती फिरतात, म्हणून किमान २० फूट व्यासाची मोकळी जागा लागते. माइक बुटक्या स्टँडवर, वायर वरून सोडलेली. जमिनीवरची वायर नाचताना पायात येते. फरशी गुळगुळीत असेल तर सतरंजी ताणून कडा चिकटव. मानधन त्याच रात्री, पाकिटात.

वस्तू आठवड्याच्या आत स्वतः नेऊन दे, पावतीवर परतीची सही घे. स्कॅन केलेल्या फोटोंचा पेनड्राइव्ह त्या घरी ठेव, पण त्यांना मोठी छापील प्रतही दे, कारण पेनड्राइव्ह उघडणारा नातू दिवाळीपर्यंत यायचा नाही.