एच३.३ चा नॉकडाऊन: दोष व्हायरसचा नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हेला पेशींमध्ये (लॅबमध्ये वाढवतात त्या मानवी कर्करोगाच्या पेशी) लेंटीव्हायरसने (पेशीत जीन पोचवणारा व्हायरस) एच३.३ हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांपैकी एक) गप्प करायचा, म्हणजे नॉकडाऊन करायचा आहे, क्यूपीसीआरमध्ये (आरएनए मोजण्याची चाचणी) एच३-३ए या जीनचा आरएनए चांगला उतरलेला दिसतो, पण वेस्टर्नवर (अँटीबॉडीने प्रथिन पाहण्याची चाचणी) बँड जशीच्या तशी. मग व्हायरस नव्याने बनवू का?

नका बनवू. आरएनए उतरलाय, म्हणजे व्हायरस आत शिरलाय, हेअरपिन (जीनचा आरएनए नष्ट करवणारा छोटा दुमडलेला आरएनए) तयार होतंय, डायसर आणि आर्गोनॉट ही पेशीतली प्रथिनं आपापलं काम चोख करताहेत. घोडं अडलंय ते जीनपाशी.

माणसात एच३.३ बनवणारे जीन दोन आहेत: एच३-३ए पहिल्या गुणसूत्रावर आणि एच३-३बी सतराव्यावर (जुन्या पेपरांत हेच एच३एफ३ए आणि एच३एफ३बी). दोघांचं प्रथिन तंतोतंत एकच, पण आरएनएचा क्रम इतका वेगळा की एकासाठी निवडलेलं हेअरपिन सहसा दुसऱ्याला शिवत नाही. तुम्ही एक बंद केलात, दुसरा चालूच आहे. फ्रीझरमध्ये जो आरएनए ठेवला असेल त्याच्यावरच एच३-३बी चे प्रायमर लावून बघा, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

माझा अंदाज, तुम्ही ग्लायोमावरच्या (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीवरच्या) कुठल्यातरी पेपरातून पद्धत उचललीत. लहान मुलांच्या ब्रेनस्टेममधल्या ग्लायोमात के२७एम (एच३ मध्ये २७ व्या जागी लायसीनऐवजी मेथिओनिन) हे म्युटेशन सापडलं २०१२ मध्ये, आणि ते बहुतेक वेळा एच३-३ए मध्येच असतं. तिथे एकट्या एच३-३ए वर नेम धरणं बरोबर, कारण मोजायचं असतं ते बिघडलेलं प्रथिन, आणि त्याची वेगळी अँटीबॉडी मिळते. हेलात ते म्युटेशनच नाही.

अँटीबॉडीवरून आठवलं, कुठली वापरलीत ते तुम्ही लिहिलेलं नाही. साधी एच३ ची असेल तर पुढचं सगळं बोलणंच व्यर्थ. एच३.३ आणि त्याचंच भावंड एच३.१ यांत फरक फक्त पाच अमिनो आम्लांचा. साधी अँटीबॉडी दोन्ही पकडते, आणि भराभर विभागणाऱ्या पेशीत एच३.१, एच३.२ चा साठा मोठा असतो. एच३.३ ची खास अँटीबॉडी घ्या, तीही ओव्हरएक्स्प्रेशनच्या नमुन्यावर तपासून. हिस्टोन ०.२ नॉर्मल एचसीएलमध्ये रात्रभर थंडीत काढा, १५ टक्के जेल, आणि मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉनची, ०.४५ मधून इतकं छोटं प्रथिन आरपार निघून जाऊ शकतं. लोडिंग कंट्रोल (सगळ्या नमुन्यांत सारखं प्रथिन भरलंय ना याची खूण) म्हणून एच४ हा दुसरा हिस्टोन लावा.

शिवाय घाई करू नका. हिस्टोन दीर्घायुषी प्रथिनं आहेत. आरएनए दोन दिवसांत उतरतो, प्रथिन मात्र पेशी विभागत जातील तसं पातळ होत जातं. प्युरोमायसिनची निवड (व्हायरस न मिळालेल्या पेशी औषधाने मारणं) उरकल्यावर आणखी काही दिवस द्या, मग पेशी फोडून लायसेट करा.

दोन्ही जीन एकदम पाडायचे तर दुसरं हेअरपिन ब्लास्टिसिडिन या दुसऱ्या औषधाला टिकणाऱ्या व्हेक्टरमध्ये (हेअरपिन वाहून नेणारा डीएनए) घाला. दोन्ही पीएलकेओ.१ या प्युरोमायसिनच्या व्हेक्टरमध्येच ठेवून प्युरोमायसिन दिलंत तर एकच व्हेक्टर मिळालेल्या पेशीही जगतात आणि तुम्हाला ते कळतही नाही. दोन्ही औषधांचा किल कर्व्ह (किती डोसला पेशी मरतात त्याचा आलेख) आधी स्वतःच्या पेशींवर काढा, दुसऱ्या लॅबचा आकडा उचलू नका. कंट्रोल म्हणजे स्क्रॅम्बल हेअरपिन (कुठल्याच जीनला न लागणारं). रिकामा व्हेक्टर चालत नाही, त्यातून हेअरपिन बनतच नाही. प्रत्येक जीनला निदान दोन वेगळी हेअरपिन हवीत, आणि शेवटी रेस्क्यू, म्हणजे गेलेलं प्रथिन परत देऊन परिणाम उलटतो का बघणं: अमिनो आम्लं तीच, पण हेअरपिनच्या जागी कोडॉन बदललेला सीडीएनए. रिव्ह्यूअर हे मागणारच.

तुमच्या यादीत पुढे एच४ आहे. तो बेत मी सोडून देईन. एच४ चे जीन डझनाहून जास्त, बहुतेक सहाव्या गुणसूत्रावर झुंडीने बसलेले, आणि जवळपास सगळ्यांचं प्रथिन एकच. एकेकाच्या मागे किती हेअरपिन घेऊन धावणार? वर या आरएनएंना पॉली-ए शेपूट नसतं, टोकाला स्टेम-लूप असतो. त्यामुळे ऑलिगो-डीटीने (पॉली-ए शेपटीलाच चिकटणारा प्रायमर) सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) बनवलात तर ते नीट दिसतच नाहीत, आणि नॉकडाऊन झकास झाला असं वाटून माणूस खूश होतो. रँडम हेक्सामर (कुठेही चिकटणारे सहा अक्षरी प्रायमर) वापरा, आणि डीएनएज (डीएनए नष्ट करणारं एन्झाइम) चुकवू नका. या जीनना इंट्रॉन नसल्याने जीनोमिक डीएनएही तितकाच छान वाढतो. हिस्टोनचा एकूण पुरवठाच कमी करायचा असेल तर एसएलबीपी किंवा एनपीएटी (हिस्टोनच्या आरएनएला आणि जीनना चालना देणारी प्रथिनं) पाडण्याचा रस्ता जास्त सरळ. पण तेव्हा पेशी एस-फेजमध्ये (डीएनएची प्रत बनण्याचा टप्पा) रेंगाळतात, म्हणून डॉक्सिसायक्लिन (टेट्रासायक्लिन गटातलं औषध) दिल्यावरच चालू होणारा व्हेक्टर घ्या, नाहीतर स्थिर लाइन तयार होईपर्यंत नॉकडाऊन कमी असलेल्याच पेशी उरतील. सीरमही टेट्रासायक्लिनमुक्त घ्या.

एक राहिलं. व्हीएसव्ही-जी (दुसऱ्या व्हायरसचं, बऱ्याच प्रकारच्या पेशींत शिरू देणारं प्रथिन) चं आवरण असलेला हा व्हायरस स्वतःची पिलावळ वाढवत नाही, पण तुमच्या पेशीत शिरून जीनोममध्ये बसू शकतो, आणि तुमचं हेअरपिन तर माणसाच्याच जीनवर बेतलेलं आहे. बीएसएल-२ (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) हूड, दुहेरी हातमोजे, सुई आणि काचेचे पिपेट टेबलावर नकोत, कचरा ब्लीचमध्ये. भारतात काम करत असाल तर नवं हेअरपिन मागवण्याआधी संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीच्या मंजुरीत एच३-३बी चं नाव आहे का तेही बघा.