भावाला क्षमा करता येत नाही, म्हणून माझी प्रार्थना अडते का?

आपण विचारले आहे की, सख्ख्या भावाबद्दलचा राग मनातून जात नाही, प्रार्थनेला बसले की शब्द सुचत नाहीत आणि विश्वासही उणावल्यासारखा वाटतो. तर हे एखादे आत्मिक बंधन आहे का? मी पाळक नाही, गिरगावातील एका मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सभासद आहे. पण या अनुभवातून गेलो आहे, म्हणून लिहितो.

वडिलांच्या पश्चात आमच्या पागडीच्या खोलीची भाडेपावती थोरल्या भावाने मला न विचारता स्वतःच्या नावावर करून घेतली. पुढे जवळजवळ दोन वर्षे, रविवारच्या उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ या शब्दांपाशी माझे ओठ मिटत आणि पुढच्या ओळीला मी पुन्हा सामील होत असे. शेजारी उभ्या असलेल्या पत्नीला ते कळत होते.

मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, येथे ‘ऋण’ हा शब्द आहे, हे मला फार मोलाचे वाटते. कारण ऋण सोडायचे तर ते किती आहे, हे आधी मोजावे लागते. ‘जाऊ दे, काही झालेच नाही’ असे म्हणणे म्हणजे क्षमा नव्हे. मत्तयाच्या 18व्या अध्यायातील दाखल्यात राजाने ज्याचे प्रचंड कर्ज सोडले, तोच दास आपल्या सोबतीच्या दासाला सोडत नाही; त्या सोबत्याचे देणे 100 दिनार आहे, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक मजुरी, आणि प्रभू ते क्षुल्लक म्हणत नाही. राजाने सोडलेल्या 10,000 तालांतांपुढे (एक तालांत म्हणजे हजारो दिनार) मात्र ते काहीच उरत नाही. म्हणून एका रात्री मी भावाकडून झालेले सगळे नुकसान वहीत लिहिले आणि देवापुढे मोठ्याने वाचले. स्तोत्रसंहितेत अशी गाऱ्हाणी पुष्कळ आहेत, तेव्हा त्यात अविश्वास मानू नये. सकाळी राग परत आला. किती वेळा क्षमा करावी, या पेत्राच्या प्रश्नाला प्रभूने सांगितलेला सत्तर वेळा सात हा हिशेब एकाच अपराधालाही लागतो, हे तेव्हा कळले.

बंधन, शाप असे शब्द एवढ्यात मनात आणू नका. विश्वासाविषयी म्हणाल, तर मार्काच्या 9व्या अध्यायात आजारी मुलाला घेऊन आलेल्या बापाने आपला अविश्वास प्रभूपुढे उघड कबूल केला, आणि तरीही त्याचा मुलगा बरा झाला. क्षमा केली म्हणून हक्क सोडावा लागतो, असेही मला वाटत नाही. खोलीविषयीचे माझे म्हणणे मी मागे घेतलेले नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा ध्यानात आली. मत्तय 5:23-24 मध्ये वेदीपाशी अर्पण ठेवून आधी समेट करायला जा असे सांगितले आहे, ते आपल्या मनात भावाविरुद्ध काही असेल तेव्हा नव्हे, तर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तेव्हा. हे वाचून मी भावाकडे गेलो. त्याने कपाटातून वडिलांच्या नावाच्या जुन्या भाडेपावत्यांची चवड काढून माझ्यापुढे ठेवली. बारा वर्षे ते भाडे त्याने एकट्याने भरले होते आणि मी कधी विचारलेही नव्हते.