'वाहक' म्हटलं की माणसं का दचकतात?

नाशिकला नर्सिंग शिकणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, पेठ तालुक्यातल्या त्याच्या तपासणी शिबिरासाठी त्या फलक लिहितायत आणि 'वाहक' या शब्दापाशी गाडी अडलीय. मैत्रीण म्हणते, बाईसाठी 'वाहिका' लिही. शिवाय 'तुम्ही वाहक आहात' असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मग शब्दच बदलावा का?

'वाहिका' आधी निकालात काढू. मराठीत रुग्णवाहिका असते, शववाहिका असते, दोन्ही गाड्या. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून करंजाळी-पेठला जाणाऱ्या एसटीत तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलेली ताई उभी असली, तरी तिच्या सीटवर 'वाहकासाठी राखीव' असंच रंगवलेलं असतं, आणि लोक तिला कंडक्टरताई म्हणतात. 'वाहिका' म्हणून कुणी हाक मारलेली मी तरी ऐकली नाही. 'ती वाहक आहे' हे मराठी चोख आहे.

चेहरा पडण्याचं कारण मात्र खरं आहे. 'वाहक'मधला 'वह्' म्हणजे वाहून नेणे. मराठीत आपण ओझं वाहतो, देवाला फूल वाहतो, आणि पाणी आपलं आपण वाहतं. पण 'वाहक' म्हटलं की इकडचं तिकडे पोचवणारा, एवढाच अर्थ डोक्यात येतो. शाळेत तांबं उष्णतेचं वाहक असतं, पावसाळ्यात भिंतीवरच्या सूचनांत डास हिवतापाचा वाहक असतो. ते वाचलेल्या माणसाला 'तुम्ही सिकलसेलचे वाहक' सांगितलं, तर त्याला वाटणारच की माझ्या ताटात जेवला त्याला हा आजार होईल.

गंमत अशी, की ज्याच्याकडे सिकलसेलचं एकच जनुक (जीन) असतं, म्हणजे जो वाहक असतो, त्याला गंभीर हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे हिवताप पिढ्यानपिढ्या मुक्कामाला होता, तिथे हे जनुक टिकून राहिलं ते त्यामुळेच. म्हणजे डास हा एक वाहक, माणूस या दुसऱ्या वाहकापुढे बराच थिटा, आणि आपण दोघांना एकाच नावाने हाक मारतो!

मग हा माणूस वाहतो तरी काय? हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन या प्रथिनाच्या जनुकात तीन अक्षरांचा एक शब्द असतो, जीएजी. त्यातलं मधलं अक्षर बदलून जीटीजी होतं. 'वचन'चं 'वजन' व्हावं तसं. तेवढ्याने प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या घटकाऐवजी व्हॅलिन हा घटक येतो, आणि ऑक्सिजन कमी पडला की गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही प्रती बदललेल्या मिळाल्या, तर आजार होतो. दवाखान्यात त्याला 'एसएस' म्हणतात. एकच प्रत बदललेली असेल तर 'एएस'. त्या माणसाला सहसा काही त्रास नसतो. तो रोग वाहत नाही, त्या एका अक्षराचा बदल वाहतो, आणि तोही फक्त स्वतःच्या मुलांपर्यंत पोचू शकतो.

म्हणून माझं मत: 'वाहक' राहू द्या, सरकारी कागदांवर तोच रुळलाय. पण त्याला एकटं सोडू नका. 'जनुकवाहक' लिहा, 'रोगवाहक' चुकूनही नको. खाली एक ओळ टाका: 'हा संसर्ग नाही. शिवल्याने, सोबत जेवल्याने होत नाही.' तोंडी सांगताना तर 'तुमच्यात एक जनुक आहे, तुम्ही आजारी नाही' एवढं पुरतं. 'वाहक' उच्चारायचीसुद्धा गरज नाही.

अजून एक. आईवडील दोघेही एएस असतील तर 'चारपैकी एक मूल आजारी' असं लिहू नका. लोक मुलं मोजत बसतात: पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन सुटली. 'प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता' असं लिहा. दरवेळी चार चिठ्ठ्या पुन्हा डब्यात टाकून नव्याने काढायच्या, असं सांगितलं की आजीबाईंनाही कळतं.

आणि हो, तुम्ही पाठवलेल्या फोटोत 'अनुवंशिक' लिहिलंय. 'अनुवंश'ला 'इक' लागला की पहिला स्वर वाढतो, जसं समाज-सामाजिक. तेव्हा 'आनुवंशिक'. रंग वाळायच्या आत काना देऊन टाका.